देश सोडायला लावणारा धर्म : डेन्मार्कमधले मॉर्मन

कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात क्रिस्टेन डाल्सगार्ड या चित्रकाराचं १८५६ सालचं एक चित्र आहे. खेड्यातल्या सुताराचं घर. टेबलापाशी एक परका माणूस काहीतरी समजावून सांगतो आहे, त्याचा जोडीदार सोबत आहे, आणि घरातली माणसं ऐकत आहेत. डाल्सगार्ड हा युटलंडच्या ग्रामीण जीवनाचा चित्रकार. शेतकऱ्यांचे पोशाख, लाकडी सामान, खिडकीतून आत येणारा उजेड ही त्याची ओळखीची दुनिया. या चित्रात मात्र त्याने त्या दुनियेत बाहेरची माणसं आणून उभी केली आहेत. ते दोघे मॉर्मन धर्मप्रचारक आहेत आणि चित्राचं नावही तेच सांगतं : 'खेड्यातल्या सुताराकडे आलेले मॉर्मन'.

हे चित्र रंगवलं गेलं तेव्हा मॉर्मनांना डेन्मार्कमध्ये येऊन अवघी सहा वर्षं झाली होती. अमेरिकेत जन्मलेला, स्वतः जेमतेम सव्वीस वर्षांचा असलेला पंथ सहा वर्षांत डॅनिश खेड्यातल्या सुताराच्या टेबलापर्यंत पोहोचला आणि एका नामवंत चित्रकाराला तो विषय महत्त्वाचा वाटला. एवढ्या लहान देशात हे कसं घडलं? आणि इतक्या जोमाने सुरू झालेला हा पंथ आज साठ लाखांच्या डेन्मार्कमध्ये चार-साडेचार हजारांवरच का थांबला आहे? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. मॉर्मन पंथाने डॅनिश माणसाला नव्या श्रद्धेबरोबर नवा देशही देऊ केला. जो मनापासून मॉर्मन झाला, तो डेन्मार्कमध्ये राहिला नाही.

मूळ पंथाची थोडी ओळख आधी करून घेऊ. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणाने 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी आपली मंडळी स्थापन केली. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण हा ग्रंथ भाषांतरित केला, असं तो सांगे. अनुयायी स्वतःला 'लॅटर-डे सेंट्स', म्हणजे अखेरच्या काळातले संत म्हणवत. शेजाऱ्यांशी सतत खटके उडत गेले, आणि १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार केलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली मंडळी पश्चिमेकडे निघाली आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन स्थिरावली. तिथे त्यांना सियोन उभारायचं होतं. ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ आलं आहे आणि त्याआधी देवाच्या लोकांनी एका ठिकाणी गोळा व्हायचं आहे, ही त्यांची शिकवण. तेव्हा बाप्तिस्मा घेणं हा पहिला टप्पा होता आणि सियोनला जाणं हा दुसरा.

डेन्मार्कचं दार उघडलं ते ५ जून १८४९ रोजी. त्या दिवशी राजा सातव्या फ्रेडरिकने नव्या राज्यघटनेवर सही केली आणि निरंकुश राजसत्ता संपली. १५३६ पासून देश लूथरन होता आणि धर्माच्या बाबतीत राज्यसत्ता फार कडक होती. १७४१ च्या एका फर्मानानुसार पाद्र्याच्या देखरेखीशिवाय धार्मिक बैठका घ्यायलाही बंदी होती. नव्या घटनेने लूथरन चर्चला 'लोकचर्च' म्हणून राज्याचा आधार कायम ठेवला, पण नागरिकांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे एकत्र येऊन उपासना करण्याची मोकळीकही दिली. अट एकच होती : नीतिमत्ता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणारं काही शिकवायचं किंवा करायचं नाही. या अटीतला 'नीतिमत्ता' हा शब्द पुढे मॉर्मनांच्या विरोधकांना फार उपयोगी पडला.

सॉल्ट लेकमध्ये युरोपात माणसं पाठवण्याचं ठरलं ते त्याच वर्षीच्या शरद ऋतूत. १४ जून १८५० रोजी, घटनेला वर्ष होऊन जेमतेम आठवडा उलटला असताना, एरास्टस स्नो हा एकतीस वर्षांचा अमेरिकन प्रेषित जॉर्ज डाइक्स आणि जॉन फोर्सग्रेन या दोन साथीदारांसह कोपनहेगन बंदरात उतरला. तिसरा साथीदार पीटर ओ. हॅन्सन महिनाभर आधीच पोहोचला होता, आणि माझ्या दृष्टीने या चौघांत सर्वांत मोलाचा तोच. हॅन्सनचा जन्म कोपनहेगनचा. त्याचा खलाशी भाऊ अमेरिकेत मॉर्मन झाला, त्याच्यामागून पीटरही गेला, आणि तिथेच त्याच्याकडे ग्रंथाच्या डॅनिश भाषांतराचं काम सोपवण्यात आलं होतं. अशा रीतीने नवा धर्म डेन्मार्कमध्ये पहिल्या दिवसापासून घरच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आला.

पहिले श्रोते मिळाले ते बॅप्टिस्टांमध्ये. कोपनहेगनमध्ये बॅप्टिस्टांची मंडळी १८३९ पासून होती आणि तिने बराच छळ सोसला होता. तिचा पुढारी पीटर क्रिश्चन मोन्स्टर याला अनेकदा तुरुंगात जावं लागलं होतं. बाप्तिस्मा कळत्या वयात घ्यायचा असतो असं बॅप्टिस्ट मानत, त्यामुळे तान्ह्या मुलांना लूथरन पाद्र्याकडे नेत नसत. राज्याने यावर उपाय काढला सक्तीचा. पोलिसांच्या मदतीने मुलाला चर्चमध्ये आणायचं आणि बाप्तिस्मा द्यायचा. हा कायदा घटना आल्यानंतरही लगेच गेला नाही, तो रद्द व्हायला १८५७ साल उजाडलं. प्रस्थापित चर्चपासून तुटलेल्या, बायबल स्वतः वाचणाऱ्या आणि त्रास सोसायची सवय झालेल्या या लोकांना स्नोचं बोलणं परकं वाटलं नाही. १२ ऑगस्ट १८५० रोजी कोपनहेगनलगतच्या ओरेसुंदच्या पाण्यात पंधरा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांतले बरेचसे मोन्स्टरच्या मंडळीतले होते. सप्टेंबरमध्ये कोपनहेगनची शाखा स्थापन झाली, आणि वर्ष सरायच्या आत युटलंडच्या उत्तरेला आल्बोर्ग इथे दुसरी.

१८५१ मध्ये कोपनहेगनच्या छापखान्यातून 'मॉर्मन्स बोग' बाहेर पडलं. इंग्रजीबाहेरच्या कोणत्याही भाषेतली 'बुक ऑफ मॉर्मन'ची ही पहिली आवृत्ती. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि वेल्श आवृत्त्या त्यानंतरच्या वर्षी आल्या. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या भाषांच्या आधी चौदा-पंधरा लाख लोकांच्या एका देशाची भाषा पुढे गेली. नॉर्वेची लिखित भाषाही तेव्हा जवळपास डॅनिशच असल्याने हाच ग्रंथ तिकडेही चालला. त्याच वर्षी 'स्कॅंडिनाव्हियन्स स्टेर्ने' हे नियतकालिक सुरू झालं. ग्रंथ, नियतकालिक, पत्रकं : सगळा भर वाचनावर. तो फळाला आला, कारण डेन्मार्कमध्ये १८१४ च्या कायद्याने शालेय शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि पुढच्या पिढीतला भूमिहीन शेतमजूरही वाचू शकत होता. त्यातच १८२० पासून खेडोपाडी शेतकरी पाद्र्याला वगळून घरात जमत, बायबल वाचत, प्रार्थना करत. त्यासाठी दंड भरत. धर्मावर स्वतः बोलायचा हक्क या माणसांनी मॉर्मन यायच्या आधीच मिळवायला घेतला होता.

याच मोहिमेतली माणसं शेजारच्या देशांत गेली तेव्हा काय झालं, ते पाहिलं की डॅनिश घटनेचं मोल कळतं. फोर्सग्रेन स्वीडनमध्ये आपल्या गावी गेला, भावाला बाप्तिस्मा दिला, आणि अटक होऊन देशाबाहेर घालवला गेला. नॉर्वेत प्रचारकांना तुरुंगात टाकलं, आणि १८५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्मन हे ख्रिस्ती नव्हेतच, तेव्हा भिन्नपंथीयांच्या कायद्याचं संरक्षण त्यांना नाही, असा निर्णय दिला. याच वर्षांत मॉर्मन आपल्याकडेही आले होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यात राहिला, तिथे एक छोटी शाखाही झाली. पण ती मूठभर माणसांपलीकडे गेली नाही आणि काही वर्षांत हे सगळे प्रचारक परत गेले. पुण्यात ऐकणाऱ्यांपुढे एक अनोळखी मत होतं. डेन्मार्कमधल्या मजुरापुढे त्याच बायबलचा नवा अर्थ होता, आणि त्यासोबत समुद्रापार जमीन.

घटनेने मोकळीक दिली म्हणून गावाने दिली असं मात्र झालं नाही. आल्बोर्गमध्ये १८५१ मध्ये जमावाने सभागृहाची मोडतोड केली. बोर्नहोम बेटावर प्रचारकांना मारहाण झाली. स्नोने सरकारकडे संरक्षण मागितलं, पण त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. कागदावरचं स्वातंत्र्य आणि अंगणातलं स्वातंत्र्य यांत केवढं अंतर असतं, हे डेन्मार्कने या माणसांच्या पाठीवर शिकून घेतलं. हे कठोर वाटेल, पण तसंच घडलं. बॅप्टिस्ट थोडे होते, ज्यूंची वस्ती जुनी होती. नव्या घटनेची खरी परीक्षा घेणारा, गावोगाव फिरून लोकचर्चची माणसं ओढून नेणारा पहिला पंथ हाच.

या काळातला एक विरोधक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पीटर क्रिश्चन किर्केगार्द. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्दचा हा थोरला भाऊ झीलँड बेटावर सोरोजवळच्या पेडर्सबोर्ग इथे पाद्री होता. डॅनिश धर्मचिंतक ग्रुंटविगच्या विचारांनी घडलेला हा विद्वान माणूस. १८४० च्या दशकात त्याला बॅप्टिस्टांच्या मुलांना सक्तीने बाप्तिस्मा द्यायचा हुकूम आला, तेव्हा त्याने तो मानला नाही. नोकरी जायची वेळ आली तरी मानला नाही. पुढे त्याच्या परिसरात मॉर्मन सभा भरू लागल्या. त्याने पोलीस बोलावले नाहीत. तो स्वतः सभेला गेला, उभा राहिला आणि त्यांच्या शिकवणीला त्यांच्यासमोर उत्तर दिलं. १८५५ मध्ये त्याची मॉर्मन मताच्या विरोधातली पुस्तिका प्रसिद्ध झाली. मताला विरोध मताने करावा, बळाने नव्हे, ही भूमिका त्याने आधी बॅप्टिस्टांच्या बाबतीत नोकरी पणाला लावून आणि नंतर मॉर्मनांच्या बाबतीत भर सभेत निभावली. पुढे तो बिशप झाला, तोही आल्बोर्गचा. मॉर्मन पंथ सर्वांत जोरात वाढत होता, तो नेमका हाच भाग.

उत्तर युटलंडमध्ये, विशेषतः वेंडसिसेलमध्ये हा जोर इतका का होता? तिथली जमीन हलकी, वाळूची. छोट्या तुकड्यावर पोट न भरणारे अल्पभूधारक, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे मजूर, कारागीर, मोलकरणी यांची संख्या मोठी. अमेरिकेत जमीन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जायचं कसं? मॉर्मनांकडे त्याचं उत्तर होतं. १८४९ मध्ये त्यांनी स्थलांतर निधी उभारला होता. त्यातून प्रवासखर्च मिळे आणि तिकडे पोहोचल्यावर कमाईतून फेडायचा असे. जहाज ठरवलेलं, सोबत आपलीच माणसं, तिकडे उतरून घ्यायला आपलीच मंडळी. एकट्यादुकट्या गरीब माणसाला याहून भरवशाचा प्रवास मिळणं अवघड होतं. म्हणून काही इतिहासकार म्हणतात की लोक जमिनीसाठी मॉर्मन झाले. मला हे अर्धंच पटतं. नुसती जमीन हवी असणारा माणूस वाटेतच गळाला असता. पुढची वाट तशीच होती.

पहिला मोठा जथा १८५२ च्या डिसेंबरात निघाला. पुढारी होता जॉन फोर्सग्रेन. कोपनहेगनहून आगबोटीने जर्मन किनारा, तिथून उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंड, मग रेल्वेने लिव्हरपूल. १६ जानेवारी १८५३ रोजी 'फॉरेस्ट मोनार्क' हे शिडाचं जहाज जवळपास तीनशे स्कॅंडिनेव्हियन माणसांना घेऊन न्यू ऑर्लिन्सकडे निघालं. तिथून मिसिसिपी नदीवरून वर आयोवापर्यंत, आणि पुढे बैलगाड्यांनी गवताळ मैदानं आणि डोंगर. सॉल्ट लेकला पोहोचले ते ३० सप्टेंबरला. घरातून निघाल्यापासून नऊ महिन्यांहून जास्त. वाटेत माणसं मेली, मुलं जन्मली, लग्नंही लागली.

बैलगाडीचाही खर्च परवडेना, तेव्हा १८५६ मध्ये ब्रिगहॅम यंगने हातगाड्यांची योजना आणली. दोन चाकांच्या लाकडी गाडीवर सामान टाकायचं आणि आयोवापासून सॉल्ट लेकपर्यंत दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर ती ओढत चालायचं. त्या वर्षीच्या विली तुकडीत डॅनिश बरेच होते. तुकडी उशिरा निघाली आणि ऑक्टोबरात वायोमिंगच्या डोंगरात बर्फात सापडली. त्यात लोलँड बेटावरचा येन्स नील्सन हा शेतकरी होता, बायको एल्सी आणि मुलासह. येन्सचे पाय गोठले आणि त्याला पाऊल टाकता येईना. एल्सीने त्याला हातगाडीवर बसवलं आणि ती गाडी ओढत राहिली. ती जेमतेम पाच फुटांची, तो धिप्पाड. रॉक क्रीकच्या मुक्कामी त्यांचा मुलगा गेला, आणि त्यांच्या भरवशावर डेन्मार्कहून पाठवलेली एक लहान मुलगीही गेली. त्या मुक्कामी मेलेल्यांना एकाच खड्ड्यात पुरलं. तुकडीतली साठहून अधिक माणसं त्या प्रवासात दगावली. येन्स आयुष्यभर लंगडत चालला, पण तो मंडळीत टिकून राहिला, आणि पुढे यूटाच्या आग्नेय कोपऱ्यात ब्लफ हे गाव वसवणाऱ्यांचा बिशप झाला.

त्याच तुकडीत स्कॅंडिनेव्हियन लोकांचा एक पुढारी होता योहान आहमान्सन. त्याची श्रद्धा या प्रवासाने मोडली. तो यूटा सोडून नेब्रास्कात गेला आणि १८७६ मध्ये त्याने मॉर्मन नेतृत्वावर सडकून टीका करणारं पुस्तक डॅनिश भाषेत प्रसिद्ध केलं. एकाच बर्फातून दोन माणसं दोन वेगळ्या निष्कर्षांनी बाहेर पडली. या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने येन्सबरोबर आहमान्सनही वाचला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी राहतं.

विली तुकडीनंतर पुढच्याच वर्षी हातगाडी ओढत गेलेला कार्ल क्रिस्टियन अँटन क्रिस्टेन्सन हा कोपनहेगनचा चित्रकार. तिथल्या कला अकादमीत शिकलेला, १८५० मध्येच मॉर्मन झालेला. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात शिरताना त्याच्या विजारीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि हातगाडीवर डॅनिश झेंडा फडकत होता, असं सांगतात. यूटात त्याने शेती केली, घरं रंगवली, आणि उतारवयाकडे झुकताना एक मोठं काम हाती घेतलं. मॉर्मनांच्या इतिहासाचे तेवीस प्रसंग त्याने प्रत्येकी सुमारे आठ फूट बाय दहा फुटांच्या कापडावर रंगवले, ते एकमेकांना शिवून त्यांची लांबलचक गुंडाळी केली, आणि ती गाडीवर टाकून तो गावोगाव फिरला. रात्री दिव्याच्या उजेडात एकेक प्रसंग उलगडायचा आणि गोष्ट सांगायची. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं चित्र पुढे धरून रामायण सांगतात, तशीच ही रीत. गंमत म्हणजे स्मिथच्या काळातला एकही प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ऐकलेल्या आठवणींवरून डॅनिश माणसाने अमेरिकन मॉर्मनांना त्यांचाच इतिहास दाखवला. त्यांतली बावीस चित्रं आज ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. त्यांतल्या आकृत्या जराशा ताठ आहेत, पण जमावाच्या हालचाली आणि आकाशाचे रंग पाहण्यासारखे.

हे डॅनिश लोक यूटाच्या मध्यभागातल्या सॅनपीट खोऱ्यात दाटीवाटीने वसले. इफ्रेम, मँटाय, स्प्रिंग सिटी या गावांत डॅनिश बोली रस्त्यावर ऐकू येई. एकाच गावात येन्स येन्सन आणि पीटर पीटरसन इतके की टोपणनावांवाचून निभावेना. सेव्हियर परगण्यात तर हेल्सिंगोरच्या इंग्रजी नावावरून एल्सिनोर नावाचं गावच आहे. सॉल्ट लेकहून १८७६ पासून 'बिकुबेन' हे डॅनिश वृत्तपत्र निघत होतं, ते १९३५ पर्यंत चाललं. ही वस्ती मोकळ्या जमिनीवर झाली नव्हती, हे विसरता येणार नाही. सॅनपीट हे यूट आदिवासींचं खोरं. फोर्सग्रेनबरोबर आलेल्यांना पहिल्याच वर्षी त्यांच्याशी झालेल्या लढाईमुळे वस्ती सोडून पळावं लागलं, आणि पुढे अनेक वर्षं रक्त सांडलं, अखेर यूट लोकांनाच तिथून हलवण्यात आलं. डेन्मार्कमध्ये जमिनीसाठी तरसलेल्या माणसाला इथे जमीन मिळाली, ती दुसऱ्याच्या हातून गेलेली.

या स्थलांतरित कुटुंबांतून नावाजलेली माणसंही निघाली. आल्बोर्गमध्ये १८४४ मध्ये जन्मलेला अँटन लुंड बारा वर्षांचा असताना मॉर्मन झाला, मिसरूड फुटायच्या आत गावोगाव प्रचार करू लागला, १८६२ मध्ये अमेरिकेला गेला, इफ्रेमला राहिला, १८८९ मध्ये प्रेषित झाला आणि पुढे मंडळीच्या सर्वोच्च तिघांत जाऊन बसला. दुसरीकडे रशमोर पर्वतात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारा गुटझन बोर्ग्लम हाही डॅनिश मॉर्मन कुटुंबातलाच. वडिलांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं होतं. पुढे त्यांनी पंथ सोडला, यूटा-आयडाहोचा मुलूख सोडला, आणि गुटझनची जन्मदाती आई घरातून दूर झाली.

बहुपत्नीत्वाची चाल मंडळीने १८५२ मध्ये उघडपणे जाहीर केली, आणि डेन्मार्कमधलं वातावरण बदललं. घटनेतला 'नीतिमत्ता' हा शब्द आता सगळ्यांच्या ओठांवर आला. बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वस्त गाण्यांच्या चोपड्यांत यूटाला गेलेल्या भोळ्या मुलींची रडगाणी छापली जाऊ लागली. १८९० मध्ये मंडळीने नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं, तरी प्रतिमा बदलली नाही. १९११ मध्ये नॉर्डिस्क फिल्म या कंपनीने 'मॉर्मोनेन्स ऑफर' (मॉर्मनाचा बळी) हा मूकपट आणला. दिग्दर्शक ऑगस्ट ब्लोम, नायक वाल्डेमार सिलांडर, युरोपभर लाडका असलेला नट. तो तरुण मुलीला भुलवून यूटाला नेणारा मॉर्मन प्रचारक झाला होता. चित्रपट अमेरिकेतही पोहोचला, आणि यूटाच्या राज्यपालांनी त्याला आक्षेप घेतला. डाल्सगार्डच्या चित्रात प्रचारक हा सुताराच्या घरात बसून ऐकून घेण्यासारखा माणूस होता. पंचावन्न वर्षांनी पडद्यावर तो मुली पळवणारा झाला होता.

आकडे पाहिले की एकंदर चित्र स्पष्ट होतं. १८५० पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डेन्मार्कमध्ये सुमारे तेवीस हजार लोकांनी मॉर्मन बाप्तिस्मा घेतला. त्यांतले निम्म्याहून अधिक देश सोडून गेले. उरलेल्यांतल्या अनेकांनी पंथ सोडला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर यूटामधल्या परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडहून आलेल्यांच्या खालोखाल डॅनिश होते. डेन्मार्कमधल्या शाखांचं काय झालं? जो जाणता, उत्साही, चार माणसांना सांभाळणारा कार्यकर्ता तयार होई, तोच पुढच्या वसंतात जहाजावर चढे. मागे राहत म्हातारे, आजारी आणि घरच्यांच्या विरोधामुळे अडकलेले. पंधरा-वीस वर्षं एखाद्या गावात नेटाने काम करावं आणि शेवटी शाखा बंद पडावी, असं पुनःपुन्हा झालं. पंथाला डेन्मार्कमध्ये अपयश आलं असं म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. त्याला आलेल्या यशानेच त्याची डॅनिश मंडळी रिकामी केली.

विसाव्या शतकात मंडळीने हळूहळू धोरण बदललं आणि आहात तिथेच सियोन उभारा असं सांगू लागली. १९३१ मध्ये कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग भागात प्रशस्त सभागृह उभं राहिलं. हे धोरण आधीच सुचलं असतं तर, असा विचार मनात येतोच. पवित्र विधींसाठी डॅनिश मॉर्मनांना आधी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आणि १९८५ नंतर स्टॉकहोमला जावं लागे. अखेर फ्रेडरिक्सबर्गच्या त्याच सभागृहाचं रूपांतर मंदिरात झालं आणि मे २००४ मध्ये त्याचं समर्पण झालं.

डेन्मार्कने मात्र मॉर्मनांना एक गोष्ट दिली आहे, जी आज जगभर दिसते. कोपनहेगनच्या व्हॉर फ्रूए कॅथीड्रलमध्ये बेर्टेल थोर्वाल्डसनने घडवलेला ख्रिस्ताचा पुतळा आहे, साडेतीन मीटरांच्या आसपास उंचीचा, दोन्ही हात पुढे पसरलेला. १९६० च्या दशकात त्याची प्रतिकृती सॉल्ट लेकमध्ये बसवली गेली, आणि २०२० पासून तोच आकार मंडळीच्या अधिकृत चिन्हात आला. लूथरन चर्चसाठी घडवलेली मूर्ती आज मॉर्मनांची ओळख आहे.

आणि मॉर्मनांनी डेन्मार्कला काय दिलं? मृत पूर्वजांसाठीही बाप्तिस्मा घेता येतो अशी त्यांची श्रद्धा असल्याने पूर्वज शोधणं हे त्यांच्यासाठी धर्मकार्य. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी डॅनिश चर्चच्या नोंदवह्यांचं मायक्रोफिल्मवर चित्रीकरण केलं. या वह्या १८१४ पासून दोन प्रतींत ठेवल्या जात, आणि आगीत दोन्ही जाऊ नयेत म्हणून एका छपराखाली रात्रभर ठेवायच्या नाहीत, असा नियम होता. जन्म, लग्न, मृत्यू यांखेरीज त्यांत गावात आलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या लोकांच्या याद्याही आहेत. ज्या लूथरन पाद्र्यांच्या हातून ही माणसं निसटली, त्यांनीच आपल्या अक्षरात ती गेल्याची नोंद करून ठेवली. यूटातल्या कुणाला आपलं डॅनिश मूळ शोधायचं असेल, तर शोध सहसा याच वह्यांपासून सुरू होतो, आणि त्या आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.